केस रंगवणे आणि ब्लीच करणे: केसाचे काय होते, त्वचेचे काय होते?

रानजाई

केस रंगवण्याच्या दुष्परिणामांविषयी बोलताना दोन निराळे प्रश्न हटकून एकमेकांत मिसळले जातात, म्हणून सुरुवातीलाच ते वेगळे करावेत असे मला वाटते. पहिला प्रश्न केसाचा आहे. डोक्याबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. त्याला रक्तपुरवठा नसतो, त्यात पेशींची वाढ होत नाही, आणि म्हणूनच एकदा झालेली झीज तो स्वतःहून भरून काढू शकत नाही. दुसरा प्रश्न डोक्याच्या त्वचेचा आणि तिच्यातील केशमुळांचा आहे. ती जिवंत आहेत, त्यांना ॲलर्जी होते, भाजते, सूज येते आणि बहुतेक वेळा ती बरीही होतात. ‘रंग लावल्याने केस खराब झाले’ या एकाच वाक्यात कोणाला केस राठ झाल्याचे सांगायचे असते, कोणाला केस गळल्याचे, तर कोणाला डोक्याला खाज सुटल्याचे. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत.

केसाची रचना थोडक्यात सांगते. सर्वांत बाहेर क्युटिकल असते, म्हणजे कौलांप्रमाणे एकमेकांवर चढवलेल्या चपट्या खवल्यांचे साधारण ५ ते १० थर. त्यांच्या आत कॉर्टेक्स असतो. केसाची ताकद आणि लवचिकता त्यातील केराटिन या प्रथिनामुळे येते, तर नैसर्गिक रंग त्यातील मेलॅनिनच्या कणांमुळे येतो. क्युटिकलच्या बाह्य पृष्ठभागावर एका स्निग्ध आम्लाचा अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने जोडलेला असतो. निरोगी केसावरून पाणी ओघळून जाते, केस एकमेकांत अडकत नाहीत आणि हाताला गुळगुळीत लागतात, ते या थरामुळे. हा थर तेलासारखा वरून लावलेला नसून केसाबरोबरच तयार झालेला असतो, त्यामुळे तो गेला की पुन्हा येत नाही.

कायमस्वरूपी रंगात तीन गोष्टी एकत्र काम करतात. अमोनियासारखा अल्कधर्मी पदार्थ केस फुगवतो आणि खवले उचलतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आत जाऊन मूळचे थोडे मेलॅनिन फिके करते. त्याच वेळी पॅरा-फिनिलिनडायअमाइनसारखे लहान, रंगहीन रेणू कॉर्टेक्समध्ये शिरतात, पेरॉक्साइडमुळे त्यांचे ऑक्सिडीकरण होते, आणि दुसऱ्या रेणूंशी जोडले जाऊन ते मोठे, रंगीत रेणू बनतात. आकाराने मोठे झाल्यामुळे ते सहजी बाहेर पडत नाहीत, म्हणून हा रंग टिकतो. याची किंमत म्हणजे वर सांगितलेला स्निग्ध थर पहिल्याच वेळी बराचसा निघून जातो. रंगवलेला केस पाणी पटकन शोषतो, सुकायला वेळ घेतो आणि विंचरताना अडकतो, त्याचे मुख्य कारण हे आहे.

ब्लीच हा याच्या पुढचा प्रकार आहे. त्यात रंग घालायचा नसतो, असलेला काढायचा असतो. पेरॉक्साइडच्या जोडीला पर्सल्फेटचे क्षार असतात आणि मिश्रणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) साधारण ९ ते ११ पर्यंत जातो. हे मिश्रण मेलॅनिनचे कण फोडते, परंतु मेलॅनिन आणि केराटिन एकाच ठिकाणी असल्यामुळे त्यातला फरक त्याला कळत नाही. केराटिनच्या साखळ्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे गंधकाचे बंध तुटतात आणि त्या जागी सिस्टेइक आम्ल तयार होते. हा बदल उलटवता येत नाही. त्यामुळे रंग आणि ब्लीच यांचा ‘केमिकल’ या एकाच शब्दात उल्लेख करणे मला योग्य वाटत नाही. पांढरी मुळे झाकण्यासाठी लावलेला गडद रंग आणि काळे केस पिवळसर पांढरे करण्यासाठी केलेले ब्लीच यांच्या परिणामांत फार मोठी तफावत आहे.

ज्यांना या विषयाचा अभ्यास किंवा अनुभव आहे त्यांनी यात भर घालावी, ही विनंती.

उंबरठा

रानजाई, अतिशय नेमके लिहिले आहे. मला एक शंका आहे. ‘अमोनियामुक्त’ असे ठळकपणे लिहिलेले रंग केसांना सौम्य असतात असे आपण गृहीत धरतो. अमोनिया नसेल तर खवले उचलले जात नाहीत, असे समजायचे का? तसे असेल, तर पांढरे केस त्या रंगाने पूर्ण कसे झाकले जातात?

तळटीप

उंबरठा, तुमच्या प्रश्नातच उत्तराची दिशा आहे. पांढरा केस टिकाऊपणे झाकायचा असेल तर रंगाचे रेणू कॉर्टेक्समध्ये जायलाच हवेत आणि त्यासाठी केस फुगायलाच हवा. अमोनिया काढला की त्याच्या जागी बहुतेक वेळा मोनोइथेनॉलअमाइन घातलेले असते. तेही अल्कधर्मीच आहे. फरक असा की अमोनिया वायुरूपाने उडून जातो आणि त्याचा उग्र वास येतो, तर हे दुसरे द्रव्य उडत नाही, त्यामुळे वास येत नाही आणि डोळे चुरचुरत नाहीत. ज्यांना वासाचा त्रास होतो त्यांच्यासाठी ही खरोखरच चांगली सोय आहे. मात्र ते केसात मागे राहते, आणि जास्त प्रमाणात वापरल्यास त्याने होणारी झीज अमोनियापेक्षा कमी असतेच असे नाही. शिवाय पेरॉक्साइड दोन्हींत असते. वास नसणे आणि इजा नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पेरॉक्साइडविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खोक्यावरचा तो एक आकडा सर्वांत उपयोगाचा असतो. डेव्हलपरच्या, म्हणजे रंगात किंवा ब्लीचमध्ये कालवायच्या पेरॉक्साइडच्या द्रावणाच्या, बाटलीवर १०, २०, ३० किंवा ४० व्हॉल्यूम असे लिहिलेले असते. २० व्हॉल्यूम म्हणजे त्या द्रावणाच्या एका लिटरमधून २० लिटर ऑक्सिजन मुक्त होऊ शकतो. टक्केवारीत हे आकडे अनुक्रमे ३, ६, ९ आणि १२ होतात. पांढरे केस झाकायला किंवा एखादी छटा बदलायला साधारणपणे ६ टक्के पुरेसे असते. ‘लवकर उजळतील’ म्हणून १२ टक्क्यांचा डेव्हलपर आणून घरी ब्लीचमध्ये कालवणे हा प्रकार सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण त्याचा वेग आपल्या हाताच्या वेगापेक्षा जास्त असतो. डोक्याच्या मागच्या भागाला लावून होईपर्यंत पुढचा भाग मर्यादेपलीकडे गेलेला असतो.

आणखी एक कारण फारसे कोणी लक्षात घेत नाही, ते म्हणजे पाण्यातील तांबे. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातून तांब्याचे सूक्ष्म अंश केसात साठत जातात. पेरॉक्साइडशी गाठ पडली की ते उत्प्रेरकाचे काम करतात आणि हायड्रॉक्सिल मूलके, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, तयार होतात, जी केराटिनवर अंदाधुंद हल्ला चढवतात. एकच रंग, एकच पद्धत आणि तरीही दोन व्यक्तींच्या केसांवर निराळा परिणाम, यामागे हेही एक कारण असते. ज्यांचे पाणी जड आहे त्यांनी रंगाच्या आधीच्या आठवड्यात धातू बांधून घेणारा, म्हणजे कीलेटिंग शाम्पू वापरणे फायद्याचे ठरते.

कंगवा

मी व्यवसायाने केशरचनाकार आहे, त्यामुळे रसायनशास्त्रापेक्षा हाताखाली जे दिसते ते लिहिते.

माझ्या मते निम्म्याहून अधिक नुकसान रंगामुळे न होता तोच रंग त्याच केसावर पुन्हा पुन्हा ओढल्यामुळे होते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. सहा आठवड्यांनी रंगाची गरज असते ती जेमतेम दीड सेंटीमीटर मुळांना. घरी रंगवताना मात्र वाटीत उरलेले मिश्रण वाया जाऊ नये म्हणून ते टोकांपर्यंत फासले जाते. कमरेपर्यंत केस असलेल्या व्यक्तीच्या टोकाशी असलेला केस कित्येक वर्षे जुना असतो. त्याने ऊन, घर्षण, गरम हवा सारे सोसलेले असते, आणि त्यालाच दर वेळी पेरॉक्साइडमधून जावे लागते. मग टोके मुळांपेक्षा काळपट आणि राठ होतात आणि त्यांना फाटे फुटतात. वाढलेल्या मुळांनाच रंग लावणे आणि खालच्या लांबीची चमक गेली असेल तर तिच्यासाठी पेरॉक्साइड नसलेला, वरवर बसणारा रंग वापरणे, एवढे पाळले तरी वर्षभरात केसांचा पोत बदललेला जाणवतो.

ब्लीचसाठी कोणी आले की मी आधी एक बट निवडते, शक्यतो मानेजवळची, जी वरच्या केसांखाली झाकली जाईल. ती ओली करून दोन बोटांत धरायची आणि हलकेच ताणायची. निरोगी ओला केस आपल्या लांबीच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतका ताणला जातो आणि सोडला की परत जागेवर येतो. खराब झालेला केस एक तर ताण न घेताच तुटतो, नाहीतर चिकट होऊन लांबत जातो आणि परत येत नाही. बोटांना तो बुळबुळीत लागतो. केसाची ही अवस्था असेल तर मी ब्लीच करत नाही, समोरच्या व्यक्तीने कितीही आग्रह केला तरी. केस ठीक असेल तर त्याच बटीवर आधी मिश्रण लावून किती वेळात कोणती छटा येते ते पाहते.

काळा केस उजळताना आधी तांबूस होतो, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी फिकट पिवळा. काळे-तपकिरी मेलॅनिन आधी जाते, तांबूस-पिवळे मेलॅनिन चिवटपणे मागे राहते. नारिंगी टप्पा दिसला की लोक घाबरतात आणि ‘अजून थोडा वेळ ठेवा’ म्हणतात. तिथे थांबून निळसर टोनरने नारिंगीपणा दाबता येतो, पिवळा असेल तर जांभळ्या टोनरने. शुभ्र पांढऱ्यापर्यंत जाण्याचा हट्ट धरला की केसाचे केराटिनच संपते. गडद केसांना फिकट पिवळ्यापर्यंत न्यायचे असेल तर ते काही आठवड्यांच्या अंतराने, टप्प्याटप्प्याने करावे. एका बैठकीत ते शक्य आहे असे सांगणाऱ्याकडे जाऊ नये.

आणखी दोन गोष्टी. त्वचेच्या उष्णतेमुळे मुळांजवळ ब्लीच वेगाने काम करते, म्हणून ते मुळांना सर्वांत शेवटी लावतात. आणि ब्लीचच्या आधी एक-दोन दिवस केस धुऊ नयेत, कारण त्वचेवरचे नैसर्गिक तेल जळजळीपासून थोडे संरक्षण देते.

प्राजक्त

कंगवा, बट ताणून पाहण्याची पद्धत फारच उपयुक्त आहे. माझा प्रश्न गळण्याविषयी आहे. रंगवल्यानंतर न्हाताना खूप केस हातात येतात. रंगामुळे केस मुळापासून जातात का? टक्कल पडण्याची भीती खरी आहे का?

त्वचादर्पण

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. प्राजक्त, तुम्ही हातात आलेला केस उजेडात धरून त्याची दोन्ही टोके पाहा. एका टोकाला बारीक पांढरा गोळा असेल तर तो मुळातून आलेला केस आहे. रोज ५० ते १०० केस असे जाणे स्वाभाविक असते. दोन्ही टोके साधी असतील आणि केस आखूड असेल तर तो मध्येच तुटलेला आहे. रंग आणि ब्लीचमुळे बहुतेक वेळा हा दुसरा प्रकार होतो. केशमूळ त्वचेच्या आत काही मिलीमीटर खोल असते आणि नीट लावलेला रंग तिथपर्यंत पोहोचून ते नष्ट करत नाही. मात्र ब्लीचने त्वचा खरोखर भाजली, फोड आले आणि व्रण राहिला, तर त्या जागी केस कायमचे जाऊ शकतात. तीव्र ॲलर्जीनंतर दोन-तीन महिन्यांनी तात्पुरती केसगळती होते, ती साधारणपणे भरून येते.

मला खरी काळजी ॲलर्जीची वाटते, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहिते. पॅरा-फिनिलिनडायअमाइन, ज्याला पीपीडी म्हणतात, हा स्पर्शजन्य ॲलर्जीचा सर्वपरिचित कारक आहे. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २००६ साठी त्याला वर्षाचा ॲलर्जीकारक म्हणून निवडले होते. युरोपीय संघात केसांवर लावायच्या तयार मिश्रणात त्याचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंतच ठेवण्याचे बंधन आहे. रंग जितका गडद, तितके त्याचे प्रमाण सहसा जास्त असते, म्हणून काळ्या रंगाने जास्त त्रास होतो.

ही ॲलर्जी पहिल्याच वेळी दिसते असे नाही. वर्षानुवर्षे तोच रंग निर्धास्तपणे लावणाऱ्या व्यक्तीलाही एके दिवशी ती होऊ शकते, आणि एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. लक्षणे रंगानंतर काही तासांपासून दोन-तीन दिवसांत दिसतात: कपाळाच्या कडेला, कानांमागे आणि मानेवर खाज, लाली, पाणी सुटणे आणि पापण्यांना सूज. गंमत म्हणजे डोक्याची जाड त्वचा पुष्कळदा कमी बिघडते आणि पापण्या मात्र टरारून सुजतात, त्यामुळे लोक डोळ्यांच्या औषधांत कारण शोधत बसतात. ‘या वेळी जरा खाज आली, पण कमी झाली’ असे ज्यांना वाटते त्यांनी तो इशारा समजून रंग तिथेच थांबवावा. पुढची प्रतिक्रिया अधिक तीव्र असू शकते. श्वास घ्यायला त्रास झाला किंवा चेहरा, ओठ सुजले तर घरी वाट पाहू नये, तातडीने रुग्णालयात जावे.

म्हणून प्रत्येक वेळी, खोका तोच असला तरी, सूचनेप्रमाणे कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहावी. ज्यांनी कधी काळ्या रंगाचा तात्पुरता टॅटू काढून घेतला आहे आणि त्या जागी पुरळ उठले आहे, त्यांनी तर केसांचा गडद रंग त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय लावूच नये. त्या काळ्या शाईत पीपीडी असण्याची शक्यता मोठी असते. हे रंग भुवया आणि पापण्यांना लावण्याचे धाडस कोणीही करू नये, कारण डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

कर्करोगाविषयी नेहमी विचारले जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तन व्यवसायातील दीर्घकालीन संपर्काला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे, तर स्वतःचे केस रंगवण्याला ‘वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही’ अशा गटात. कंगवा, तुमच्यासारख्यांनी हातमोजे आणि खेळती हवा यांबाबत तडजोड करू नये, असे मी कळकळीने सांगेन. पर्सल्फेटच्या भुकटीने व्यावसायिकांना दमाही होतो.

पाऊलवाट

या सर्व धोक्यांवर साधा उपाय मेंदी आहे, असे माझे मत आहे. ती वनस्पतिजन्य आहे, केसाला थंडावा देते आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. मग रसायनांच्या वाटेला जावेच कशाला?

तळटीप

पाऊलवाट, शुद्ध मेंदीच्या बाजूने बोलण्यासारखे खूप आहे. तिच्यातील लॉसोन हे रंगद्रव्य केराटिनशी थेट जोडले जाते. त्यासाठी पेरॉक्साइड लागत नाही, केस फुगवावा लागत नाही आणि गंधकाचे बंध तुटत नाहीत. केस थोडा जाड आणि कोरडा लागतो इतकेच. पण शुद्ध मेंदी पांढऱ्या केसाला नारिंगी-तांबूस याखेरीज दुसरा रंग देत नाही. तिच्यावर निळीच्या पानांची पूड लावून गडद तपकिरी ते काळा रंग मिळवता येतो, परंतु त्याला वेळ लागतो. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणारी आणि थोड्या वेळात काळा रंग देणारी पूड पाहिली की तिच्यात पीपीडी आहे असे समजून घटकांची यादी वाचावी. काही पुडींत धातूंचे क्षारही असतात. अशा केसावर नंतर ब्लीच लावले तर मिश्रण एकदम तापते आणि केस जागीच विरघळल्यासारखे तुटतात.

त्वचादर्पण

एक वैद्यकीय सूचना जोडते. ज्यांना जी-६-पीडी या विकराची कमतरता आहे, विशेषतः लहान मुले, त्यांना मेंदीमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक हे समीकरण लागू होत नाही.

कंगवा

मेंदी लावली असेल तर ती कितीही महिन्यांपूर्वीची असो, ब्लीचच्या आधी ते सांगितलेच पाहिजे. आम्हाला नुसते पाहून ते नेहमी ओळखता येत नाही.

रानजाई

चर्चेत देखभालीचा भाग राहिला आहे, तो लिहिते. रंगवलेला केस दुरुस्त होत नाही, त्याची पुढची झीज मंदावता येते, हे लक्षात ठेवले तर जाहिरातींतले बरेचसे दावे आपोआप गळून पडतात. कंडिशनर उपयोगी पडतो, कारण खराब झालेल्या केसावर ऋण विद्युतभार वाढलेला असतो आणि कंडिशनरमधील धन भाराचे रेणू नेमके तिथे चिकटून बसतात. हरवलेल्या स्निग्ध थराचे काम ते पुढच्या न्हाण्यापर्यंत करतात. म्हणून तो प्रत्येक वेळी लावावा लागतो, महिन्यातून एकदा केलेल्या महागड्या उपचाराने त्याची जागा भरत नाही. शाम्पूचा सामू ५.५ च्या आसपास किंवा कमी असावा.

न्हाण्याआधी खोबरेल तेल लावण्याला चांगला आधार आहे. त्यातील लॉरिक आम्लाची साखळी सरळ आणि लहान असल्यामुळे ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची गळती कमी करते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत खनिज तेल आणि सूर्यफुलाचे तेल यांनी ही गळती कमी झाली नाही, खोबरेल तेलाने मात्र न रंगवलेल्या आणि खराब झालेल्या अशा दोन्ही केसांत कमी झाली. तेल ताज्या रंगावर लगेच थापू नये, न्हाण्यापूर्वी काही तास लावणे पुरेसे आहे.

बंध जोडणारी म्हणून जी उत्पादने ब्लीचमध्ये मिसळतात, त्यांनी काही प्रमाणात केसाची ताकद टिकते. त्यांच्या भरवशावर डेव्हलपरची तीव्रता वाढवणे मात्र घातक आहे. उष्णतेबाबत तर कडक शिस्त हवी. ओल्या केसावर तापलेली इस्त्री फिरवली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसात सूक्ष्म पोकळ्या पडतात, जिथून तो पुढे तुटतो. ब्लीच केलेला केस निरोगी केसापेक्षा कमी तापमानाला मोडतो. न्हाल्यावर टॉवेलने खसाखसा पुसणे आणि ओल्या गुंत्यात बारीक दातांचा कंगवा घालणे याही सवयी सोडाव्या लागतात.

उंबरठा

शेवटचा प्रश्न. मला रंगवणे थांबवून केस पांढरेच ठेवायचे आहेत. रंग काढून टाकणारे ब्लीच करून एकदाच पांढरे करून घेणे चांगले, की वाट पाहणे?

कंगवा

वाट पाहणे, यात मला शंका नाही. एका दिवसात पांढरे करून घ्यायचे म्हणजे आधीच रंगाने झिजलेल्या केसावर आणखी एकदा सर्वांत कठोर प्रक्रिया करायची, आणि तरीही मुळांतून येणाऱ्या पांढऱ्याशी त्याचा पोत जुळत नाही. खांद्यापर्यंत केस असतील तर पूर्ण लांबी नवी यायला दोन ते अडीच वर्षे लागतात. केस हनुवटीपर्यंत कापून घेतले तर तो काळ बराच कमी होतो. मधल्या काळात मुळे आणि खालचा रंग यांतील सीमारेषा ठळक दिसते, ती मोडण्यासाठी काही निवडक बारीक बटा थोड्या उजळता येतात. त्याही टोकांपर्यंत नकोत, वरच्या अर्ध्या लांबीपुरत्याच पुरे. धुतल्यावर निघून जाणारा मुळांचा फवारा किंवा कांडीसुद्धा चालते, कारण ती केसाच्या आत शिरत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी खालचा रंगवलेला भाग थोडा थोडा कापत राहा.

उंबरठा

आभार. केस कापायचेच ठरवते, आणि फवारा वापरण्याआधी कानामागे लावून पाहते.